रिमोट सॉफ्टवेअरला कुलूप जरूर लावा, पण ते लपवू नका : नागपुरातील कार्यालयप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहर व परिसरातील लहान-मोठ्या कार्यालयांचे, कारखान्यांचे, रुग्णालयांचे आणि पेढ्यांचे मालक, व्यवस्थापक व कार्यालयप्रमुख यांस

सप्रेम नमस्कार.

आपल्या शहरातील कार्यालयांचे संगणक 'रिमोट' सॉफ्टवेअरने, म्हणजे दुरूनच त्यांचा पडदा पाहून व माउस-कीबोर्ड चालवून, सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. धंतोलीतील रुग्णालये, रामदासपेठेतील सनदी लेखापालांची कार्यालये, इतवारी-गांधीबागेतील ठोक व्यापाऱ्यांच्या पेढ्या, वाडीकडची गोदामे, हिंगणा आणि बुटीबोरी औद्योगिक वसाहतींतील कारखाने, अशा सर्व ठिकाणांहून माझ्याकडे व माझ्या व्यवसायबंधूंकडे एक मागणी वारंवार येते : "कर्मचारी रिमोटचे सॉफ्टवेअर बंद करून टाकतात, कोणालाही ते बंद करता येऊ नये, असे काहीतरी करून द्या." ही मागणी रास्त आहे. परंतु बहुतेक वेळा तिच्या पाठोपाठ दुसरे वाक्य येते : "आणि ते बसवले आहे हे कोणाला कळूही नये." या दोन वाक्यांतील फरक आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे, कारण पहिली मागणी पूर्ण करणे हे आमचे कामच आहे, आणि दुसरी मान्य केली तर पहिलीही फार दिवस टिकत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधी नुकसानीविषयी सांगतो, कारण आपली तक्रार किती खरी आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. बुटीबोरीतील एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागात ऐन संध्याकाळी ई-वे बिल निघेनासे झाले. ब्राउझरमधील एक सेटिंग बदलायचे होते आणि छपाईच्या रांगेत अडकलेले जुने काम काढून टाकायचे होते; दुरून स्क्रीन घेता आली असती तर चहा संपायच्या आत ते काम झाले असते. पण त्या संगणकावरील रिमोटची सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालू राहणारा त्याचा प्रोग्राम, कोणीतरी 'डिसेबल्ड' करून ठेवलेली होती. फोनवरून सांगावे तर समोरच्या क्लार्कला कोणत्या खिडकीत काय दिसते हे सांगता येईना, आणि आम्ही सांगितलेले त्याला सापडेना. अखेर आमचा माणूस शहरातून वर्धा रोडने, चिंचभवन आणि जामठा मागे टाकत, संध्याकाळच्या वाहतुकीतून तिथे पोहोचला, तोवर माल भरलेले ट्रक फाटकाच्या आत उभे होते आणि चालक मंडळी कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून होती. काम झाले ते सर्व्हिस पुन्हा चालू करण्याचे आणि दोन क्लिकचे.

याहून मोठी नुकसानी डोळ्यांना दिसत नाही. रिमोटच्या व्यवस्थेतून आम्ही फक्त अडलेली कामे सोडवत नाही. विंडोजचे सुरक्षा-अपडेट लागले की नाही, बॅकअप खरोखर झाला की नुसताच झाल्याचा संदेश आला, अँटिव्हायरस जिवंत आहे का, डिस्क भरत आली आहे का, हे सारे त्याच वाटेने पाहिले जाते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक बंद पाडले, तेव्हा ज्या त्रुटीतून तो शिरत होता तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, म्हणजे जवळपास दोन महिने आधीच, दिलेली होती. ज्या संगणकांवर ती दुरुस्ती पोहोचली नव्हती, ते त्याच्या तावडीत सापडले. आपल्या कार्यालयात ज्या संगणकावर रिमोट बंद करून ठेवलेला असतो, तोच संगणक अशा दुरुस्त्यांपासूनही वंचित राहू शकतो. एरवी तो नीट चालतो, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

बंद करण्याचे मार्ग साधे असतात. घड्याळाजवळच्या आयकॉनवर राइट क्लिक करून 'एक्झिट' म्हणायचे, टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' टॅबमध्ये जाऊन ते डिसेबल करायचे, सर्व्हिसेसच्या यादीत शोधून 'स्टॉप' दाबायचे, फायरवॉलमध्ये अडवायचे, किंवा सरळ कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल करायचे. कित्येकदा कर्मचाऱ्याचा तसा हेतूही नसतो. संगणक 'फास्ट' करून देण्याचे आश्वासन देणारे एखादे फुकटचे क्लीनर त्याने चालवलेले असते आणि ते क्लीनर आमची सर्व्हिस अनावश्यक ठरवून बंद करते.

पण जे जाणूनबुजून बंद करतात, ते का करतात, हे आपण त्यांना कधी शांतपणे विचारले आहे का? मी विचारले आहे, आणि मला मिळालेली उत्तरे ऐकून घेण्यासारखी आहेत. काहींची तक्रार निव्वळ वेगाची असते आणि ती खरी असते : जुन्या, कमी रॅमच्या संगणकावर व्हीएनसी प्रकारचे, दुरून पडदा दाखवणारे सॉफ्टवेअर पडद्यावरील प्रत्येक बदल टिपत राहते तेव्हा टॅलीची एंट्री करणाऱ्याला कीबोर्ड अडखळल्यासारखा वाटतो, आणि जोडणी होताच डेस्कटॉपवरचे चित्र नाहीसे होऊन पार्श्वभूमी सपाट दिसू लागते, ते पाहून काहीतरी बिघडले अशी समजूत होते. काहींना आपला पगार, आपले व्हॉट्सॲप, घरच्या आजारपणाचा मेल कोणीतरी पाहील याची धास्ती असते. महिला कर्मचाऱ्यांनी ही धास्ती अधिक स्पष्ट शब्दांत बोलून दाखवली आहे, आणि कार्यालयाबाहेरचा एक अनोळखी तंत्रज्ञ कधीही आपल्या पडद्यावर येऊ शकतो, हे ज्यांना कोणीच समजावून सांगितलेले नाही त्यांनी दुसरे काय वाटून घ्यावे?

आणि मोठ्या संख्येने लोक बंद करतात ते फसवणुकीच्या भीतीने. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कसारख्या ॲपमधून मोबाइलचा ताबा घेऊन यूपीआयवरून पैसे काढून घेतले जातात, असा इशारा बँकांना दिला होता. तेव्हापासून प्रत्येक बँक आपल्या ग्राहकाला बजावत आली आहे की अनोळखी माणसाला स्क्रीन देऊ नका, ॲपमध्ये दिसणारा नऊ आकडी आयडी सांगू नका. रात्री घरी हा संदेश वाचणारा माणूस सकाळी कार्यालयात येतो आणि त्याच्यासमोर माउसचा बाण आपोआप फिरू लागतो. त्याने घाबरून ते सॉफ्टवेअर बंद केले तर त्याला बेशिस्त म्हणता येणार नाही. त्याला जे शिकवले गेले तेच त्याने केले, आणि उद्या खरोखरच एखादा भामटा फोन करून "हेड ऑफिसमधून बोलतोय, स्क्रीन द्या" म्हणाला तर आपले कार्यालय वाचेल ते याच सवयीमुळे. म्हणून ही सवय मोडून काढणे मला अतिशय धोक्याचे वाटते. कर्मचाऱ्याला खरा आणि खोटा यांतील फरक ओळखता येईल अशी व्यवस्था करून देणे, एवढेच आपल्या हातात आहे आणि ते करण्यासारखे आहे.

आता तांत्रिक बाजू. वापरकर्त्याने रिमोट सॉफ्टवेअर बंद करू नये, ही गरज या सॉफ्टवेअरइतकीच जुनी आहे. व्हीएनसीचा जन्म १९९० च्या दशकात केंब्रिजमधील ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत झाला, आणि त्याच्या सुरुवातीच्या विंडोज आवृत्त्यांतही वापरकर्त्याला ते बंद करू द्यायचे की नाही आणि त्याची सेटिंग्ज उघडू द्यायची की नाही, हे प्रशासकाने रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतून, ठरवण्याची सोय होती. त्यातूनच निघालेल्या आजच्या अल्ट्राव्हीएनसीमध्येही अशी सोय आहे. टाइटव्हीएनसीमध्ये नियंत्रणासाठी वेगळा प्रशासकीय पासवर्ड ठेवता येतो. हे सर्व करावे. परंतु हे सर्व करूनही जर कर्मचारी रोजचे काम ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून करत असेल, तर ते घराची किल्ली हातात देऊन कडी-कोयंडे बदलत बसण्यासारखे आहे. ज्याच्याकडे ॲडमिनचे अधिकार आहेत तो सर्व्हिस थांबवू शकतो, आम्ही घातलेले निर्बंध काढू शकतो, सॉफ्टवेअर उडवू शकतो.

हे अधिकार त्याच्याकडे येतात कसे, ते पाहा. सीताबर्डीच्या दुकानातून नवा लॅपटॉप येतो, विंडोज सुरू करताना जे पहिले खाते बनते ते आपोआप ॲडमिनिस्ट्रेटरचे असते, आणि त्याच खात्यावर कर्मचाऱ्याला कामाला बसवले जाते. त्यानंतर कोणी त्याकडे वळून पाहत नाही. म्हणून माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती ही आहे की प्रत्येक संगणकावर ॲडमिनचे खाते वेगळे ठेवून रोजच्या कामासाठी 'स्टँडर्ड' खाते बनवून द्यावे. स्टँडर्ड खात्यातून सर्व्हिस थांबवता येत नाही आणि अनइन्स्टॉल करायला गेल्यास विंडोज ॲडमिनचा पासवर्ड मागते. विंडोजच्या होम आवृत्तीतही असे खाते बनते, त्यामुळे यासाठी नवा खर्च नाही. मात्र होम आवृत्तीचा संगणक डोमेनला, म्हणजे कार्यालयातील सर्व संगणक एका मध्यवर्ती सर्व्हरखाली आणणाऱ्या व्यवस्थेला, जोडता येत नाही, त्यावर ग्रुप पॉलिसीचा, म्हणजे संगणकांचे नियम ठरवण्याच्या विंडोजमधील सोयीचा, संपादक मिळत नाही आणि विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप त्यावर बाहेरून जोडणी स्वीकारत नाही. म्हणून पुढची खरेदी करताना थोडे पैसे वाचवण्यासाठी होम आवृत्ती घेऊ नये.

ज्यांच्याकडे डोमेन आहे त्यांनी ग्रुप पॉलिसीतून त्या सर्व्हिसचा प्रारंभ 'ऑटोमॅटिक' ठरवून द्यावा आणि ती थांबवण्याची परवानगी कोणाला, हेही तिथेच नोंदवावे. कोणी त्यात फेरफार केला तरी पॉलिसी ठरावीक अंतराने आपोआप पुन्हा लागू होत राहते. काही तंत्रज्ञ सर्व्हिसच्या 'रिकव्हरी' टॅबमध्ये ती पडल्यास पुन्हा सुरू करण्याची सूचना भरून देतात आणि काम झाले असे सांगतात. ती सूचना सर्व्हिस कोसळली तर लागू होते, कोणी रीतसर 'स्टॉप' दाबले तर होत नाही, हे आपल्या तंत्रज्ञाला अवश्य विचारून घ्यावे. घड्याळाजवळचा आयकॉन लपवणे हाही असाच एक लोकप्रिय उपाय आहे. त्याने सर्व्हिस सुरक्षित होत नाही. फक्त प्रामाणिक कर्मचाऱ्याला काय चालले आहे ते दिसेनासे होते.

ॲडमिनचे अधिकार काढायचे म्हटले की हमखास एक अडचण पुढे येते, आणि ती टाळून चालणार नाही. "आमचे जुने बिलिंग सॉफ्टवेअर ॲडमिनशिवाय चालत नाही," किंवा "डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (संगणकाला लावायचे पेनड्राइव्हसारखे उपकरण) ॲडमिनशिवाय घेत नाही." लेखापाल, ठेकेदार आणि ई-निविदा भरणारे या अडचणीत रोज सापडतात. पहिल्या बाबतीत बहुधा ते जुने सॉफ्टवेअर आपल्याच प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये माहिती लिहू पाहत असते. त्या एका फोल्डरवर लिहिण्याची परवानगी दिली की काम भागते, संपूर्ण संगणक खुला करावा लागत नाही. दुसऱ्या बाबतीत टोकनचे ड्रायव्हर आणि स्वाक्षरीची उपयोजिका एकदा ॲडमिनने बसवून द्यायची असते; काही उपयोजिका ॲडमिन म्हणून चालवण्याचा आग्रह धरतात, तिथे तेवढ्या एका कामापुरती सोय करावी. हे किचकट काम आहे, एकेका संगणकावर बसून करावे लागते, आणि त्याचा वेळ व मोबदला आपण मंजूर केला पाहिजे.

टोकनचा विषय निघालाच आहे तर एक गंभीर गोष्ट सांगून ठेवतो. अनेक कार्यालयांत मालकाच्या किंवा भागीदाराच्या डिजिटल स्वाक्षरीचे टोकन दिवसरात्र संगणकाला लावलेले असते आणि त्याचा पिन कीबोर्डखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर किंवा डेस्कटॉपवरील नोटपॅडमध्ये असतो. ज्या संगणकावर दुरून येण्याची वाट उघडी आहे, तिथे हे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे आहे. दुरून आलेला माणूस, मग तो आमच्यातला असो की बाहेरचा भामटा, त्या टोकनने विवरणपत्र भरू शकतो, निविदेवर सही करू शकतो. टोकन कामापुरतेच लावावे आणि रिमोटची जोडणी चालू असताना काढून ठेवावे, हा नियम आपण कर्मचाऱ्यांवर आणि आमच्यावरही घालावा.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येतो. रिमोट सॉफ्टवेअर कोणाला कळू न देता बसवण्याची मागणी करताना आपल्या मनात चोरीछुपे पाहण्याचा हेतू असतोच असे मी म्हणत नाही. "कळले तर बंद करतील," एवढीच बहुतेकांची काळजी असते. पण एकदा ॲडमिनचे अधिकार काढले आणि सर्व्हिस बांधून टाकली की ती काळजी उरत नाही. मग लपवण्यासाठी उरलेले एकमेव कारण म्हणजे न कळत पाहणे. ते देखभालीचे काम राहत नाही, पाळतीचे होते, आणि ते करण्यास मी नकार देत आलो आहे. संगणक कार्यालयाच्या मालकीचा आहे, हे मला मान्य आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात संगणक आहे त्याच्या परवानगीविना शिरणाऱ्यावर जबाबदारी ठेवलेली आहे. मालकाने परवानगी दिली की आम्हाला शिरण्याचा अधिकार मिळतो. परंतु पडद्यावर जे दिसते ते सगळेच मालकाचे नसते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तो निकाल प्रामुख्याने शासनाच्या अधिकारांसंबंधी असला तरी सुजाण मालकाने त्याकडे पाठ फिरवावी असे त्यात काही नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती हाताळण्यास वाव ठेवलेला आहे. नेमके कारण सांगता येईल, त्याच्याशी ते काम जोडता येईल, अशीच व्यवस्था त्या आधारावर उभी करता येते, आणि "सहज पाहत होतो" हे कारण होत नाही.

रुग्णालयांच्या बाबतीत तर लपवण्याचा प्रश्नच उद्भवू नये. धंतोलीतील एखाद्या रुग्णालयाच्या स्वागतकक्षातील संगणकावर कोणत्याही क्षणी रुग्णाचे नाव, निदान आणि तपासणीचे अहवाल उघडे असतात. तिथे तंत्रज्ञ न सांगता पडद्यावर आला तर तो कर्मचाऱ्याचे नव्हे, एका तिसऱ्या, आजारी माणसाचे खासगी आयुष्य पाहतो. अशा ठिकाणी जोडणीपूर्वी परवानगी विचारणारी चौकट चालू ठेवावी. ही सोय अल्ट्राव्हीएनसीसह बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे : कर्मचाऱ्याच्या पडद्यावर विचारणा येते, तो उघडलेला अहवाल बंद करतो, मग स्वीकारतो, ठरावीक सेकंदांत उत्तर आले नाही तर जोडणी नाकारायची की स्वीकारायची, हे आधी ठरवून ठेवता येते. माणूस समोर बसलेला असेल तर उत्तर न आल्यास नाकारावी, असा माझा आग्रह आहे. जिथे कोणी बसतच नाही, उदाहरणार्थ सर्व्हर किंवा रात्रीच्या बॅकअपचा संगणक, तिथे विचारणा ठेवून उपयोग नाही. "मग कर्मचारी दरवेळी नाकारेल," असे मला ऐकवले जाते. एकदा नाकारले तर फोन करून कारण विचारता येते. वारंवार नाकारले तर ती व्यवस्थापनाने बोलण्याची गोष्ट झाली, आणि ती उघडपणे बोलता येते, कारण नियम उघड आहे.

त्यासाठी एक सूचनापत्र लागते, आणि ते मराठीत, एका पानाचे, आपल्या सहीचे असावे. इंग्रजीत वकिली थाटाच्या चार पानांवर सह्या घेतल्याने कोणाचीही भीती जात नाही. त्यात काय असावे याचा नमुना देतो : "आपल्या संगणकावर दुरून देखभाल करणारे अमुक सॉफ्टवेअर बसवलेले आहे. जोडणी झाली की घड्याळाजवळच्या त्याच्या आयकॉनचा रंग बदलतो. अपडेट, बॅकअप, छपाई व बिघाड यांसाठीच जोडणी केली जाईल. जोडणीपूर्वी आपल्याला फोन येईल. शंका आल्यास फोन ठेवून कार्यालयाच्या सूचनाफलकावरील क्रमांकावर आपण स्वतः फोन करून खात्री करावी. आमचा तंत्रज्ञ ओटीपी, बँकेचा पासवर्ड किंवा टोकनचा पिन कधीही मागणार नाही. दुसरे कोणतेही रिमोट ॲप बसवण्यास कोणी सांगितल्यास नकार द्यावा व तत्काळ कळवावे." उलट फोन करून खात्री करण्याचे ते एक वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. ते पाळणारा कर्मचारी आमची वाट अडवत नाही आणि भामट्याची नेमकी अडवतो.

आमच्या व्यवसायाकडूनही आपण काही गोष्टी मागून घ्या, कारण कर्मचाऱ्यांना बांधून तंत्रज्ञांना मोकळे सोडणे न्याय्य नाही. सगळ्या संगणकांवर एकच ॲडमिन पासवर्ड ठेवलेला असेल तर तो बदलून घ्या. एका संगणकावरून तो फुटला की सगळे कार्यालय उघडे पडते. डोमेन असलेल्यांसाठी प्रत्येक संगणकाचा पासवर्ड वेगळा ठेवून तो आपोआप बदलणारी सोय मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच दिलेली आहे. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीच्या पडताळणीत पासवर्डची पहिली आठच अक्षरे मोजली जातात, त्यामुळे लांबलचक पासवर्ड ठेवल्याचे समाधान तिथे फसवे असते. म्हणूनच ५९०० (व्हीएनसीचे) किंवा ३३८९ (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे) हे पोर्ट, म्हणजे आत येण्याचे दार, राउटरमधून थेट इंटरनेटवर उघडून ठेवणाऱ्या तंत्रज्ञाला जाब विचारा आणि जोडणी व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरील बंदिस्त खासगी वाटेने, करायला लावा. करार संपलेल्या जुन्या तंत्रज्ञाचे रिमोट सॉफ्टवेअर कार्यालयात अजून चालू आहे का, हे एकदा तपासून घ्या. माझ्या पाहणीत ते आश्चर्य वाटावे इतक्या ठिकाणी चालू सापडते, आणि ज्याची परवानगी संपली आहे त्याचे शिरणे हे कलम ४३ च्या कक्षेत येते.

प्रत्येक जोडणीची नोंदही मागा : कोण आला, कोणत्या संगणकावर, केव्हा, कशासाठी. सायबर सुरक्षा सांभाळणाऱ्या केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. ज्या कार्यालयात कोण कधी आत आले हेच सांगता येत नाही, ते सहा तासांत काय कळवणार?

कर्मचाऱ्यावर आरोप ठेवण्याआधीही नोंदच पाहावी. उन्हाळ्यात भर दुपारी वीज जाते, यूपीएस दम तोडतो, कोणी कुलरचा प्लग लावण्यासाठी नेटवर्कच्या स्विचचा प्लग काढतो, आणि आमच्या पडद्यावर तो संगणक 'ऑफलाइन' दिसू लागतो. त्यावरून "तुम्ही रिमोट बंद केला" असा मेमो गेल्याचे मी पाहिले आहे. विंडोजच्या सिस्टीम लॉगमध्ये सर्व्हिसचा प्रारंभ-प्रकार बदलल्याची नोंद ७०४० या क्रमांकाखाली होते आणि तो बदल कोणत्या खात्यातून झाला हेही तिथे दिसते. ती न पाहता दिलेला मेमो हा अन्याय आहे, आणि अशा एका मेमोनंतर त्या विभागातील कोणीही बिघाड स्वतःहून कळवत नाही. नेटवर्कची केबलच कोणी काढत असेल तर त्यावर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उत्तर नाही. तिथे बोलावेच लागते.

क्रमाविषयी माझी स्पष्ट विनंती आहे. आधी सूचनापत्र लावावे आणि एका छोट्या बैठकीत वाचून दाखवावे, प्रश्न घ्यावेत, एका संगणकावर जोडणी प्रत्यक्ष करून आयकॉनचा रंग बदलताना सर्वांना दाखवावा. मग खाती बदलावीत. सर्व्हिस बांधण्याचे काम सर्वांत शेवटी करावे. लेखा विभागाला हे मार्चमध्ये करायला लावू नये. वर्षअखेरच्या धांदलीत एखादे जुने सॉफ्टवेअर परवानगीअभावी अडले तर सगळा दोष या बदलावर येईल आणि दुसऱ्याच दिवशी सर्वांची ॲडमिन खाती परत दिली जातील. एका विभागापासून सुरुवात करावी, दोन-तीन आठवडे काय अडते ते पाहावे, मग पुढे जावे.

आणि या सर्वांत आपला स्वतःचा संगणक वगळू नये. बहुतेक कार्यालयांत आम्हाला सांगितले जाते की "साहेबांच्या मशीनला हात लावू नका." परिणामी ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार, पगारपत्रके आणि डिजिटल स्वाक्षरी असते, नेमका तोच ॲडमिन खात्यावर, अपडेटविना, नोंदीविना राहतो, आणि साहेबांना सूट मिळाली की वरिष्ठ लेखापालाला हवी असते, मग विक्रीप्रमुखाला, मग सगळ्यांनाच. आपण आपल्या तंत्रज्ञाला येत्या आठवड्यात बोलवाल तेव्हा पहिले स्टँडर्ड खाते आपल्या संगणकावर बनवून घ्यावे, आणि परवानगी विचारणारी चौकट पहिल्यांदा आपल्या पडद्यावर येऊ द्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर
नागपूर